ब्रिटनचा कौल आणि कोरमंगलाचा हिशेब

२४ जून २०१६, शुक्रवार. लंडनमध्ये पहाटेचे चार वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि कित्येक ठिकाणची मतमोजणी अद्याप चालू होती, अशा वेळी ब्रिटिश जनतेने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला असल्याचे बीबीसीने जाहीर केले. बंगळुरात त्या वेळी सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती आणि मुंबईचा शेअर बाजार उघडण्यास पाच मिनिटांचा अवकाश होता. दुपारी बाजार बंद झाला तेव्हा सेन्सेक्स ६०५ अंशांनी उतरला होता. जग्वार लँड रोव्हर या ब्रिटिश मोटार कंपनीची मालकी ज्या टाटा मोटर्सकडे आहे, तिचा समभाग एका दिवसात सुमारे आठ टक्क्यांनी कोसळला होता. आणि पौंडाने डॉलरच्या तुलनेत ३१ वर्षांतील नीचांक गाठला होता. त्या सकाळी बंगळुरातील कोरमंगलाच्या दर्शिन्यांत, म्हणजे उपाहारगृहांत, उभ्याउभ्याच इडली-वडा संपवून होसूर रस्त्याने इलेक्ट्रॉनिक सिटीकडे निघालेल्या तरुण मंडळींपैकी ज्यांचे काम एखाद्या ब्रिटिश बँकेचे किंवा विमा कंपनीचे होते, त्यांच्या दृष्टीने ही वार्ता परदेशच्या राजकारणाची राहिली नव्हती. ती त्यांच्या पोटापाण्याची झाली होती.

हा संबंध बादरायण नव्हे. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या निर्यातीपैकी सुमारे १७ टक्के निर्यात एकट्या ब्रिटनला होते, असे नॅसकॉम ही या उद्योगाची संघटना त्या सुमारास सांगत होती. उन्हाळ्यात लंडनची कचेरी सकाळी नऊला उघडते तेव्हा आपल्याकडे दुपारचा दीड वाजलेला असतो, आणि त्या घटकेपासून रात्रीपर्यंत कोरमंगला, बेलंदूर, व्हाइटफील्ड या भागांतील सहस्रावधी माणसे मनाने लंडनच्या घड्याळावर जगत असतात. टेस्को हे ब्रिटनमधील सर्वांत मोठे किराणा दुकानदार. त्यांच्या कारभाराचा मोठा भाग २००४ पासून व्हाइटफील्डमधून चालतो. तेव्हा ब्रिटनच्या घरगुती भांडणाची झळ येथवर पोहोचली यात नवल नाही. ती कोणत्या वाटेने पोहोचली हे मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे.

२००८ च्या जागतिक अरिष्टात रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड बुडण्याच्या बेतात आली आणि ब्रिटिश सरकारने ४५.५ अब्ज पौंड ओतून ती वाचवली. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे कोणत्याही सरकारने एखाद्या धंद्यास असे साहाय्य केले, तर इतर प्रतिस्पर्ध्यांवर अन्याय होऊ नये म्हणून त्या धंद्याला बदल्यात काही सोडावे लागते. त्या न्यायाने या बँकेने आपल्या सुमारे ३०० शाखा वेगळ्या काढून विल्यम्स अँड ग्लिन या नावाची स्वतंत्र बँक उभी करावी, अशी अट ब्रसेल्सने घातली. शाखांवरच्या पाट्या बदलणे सोपे असते. परंतु एका बँकेच्या पोटातून दुसरी बँक काढायची म्हणजे प्रत्येक खातेदाराचे खाते, त्याच्या घरकर्जाचे दस्तऐवज, दरमहा वीजबिल परस्पर वळते करण्याच्या त्याच्या सूचना, एटीएमची जोडणी आणि धनादेशांचे व्यवहार, हे सारे मूळ बँकेच्या जुन्या संगणकप्रणालीतून एकेक धागा न तोडता सोडवून नव्या प्रणालीत रुजू करायचे. अशा कामाला बुद्धी लागते त्याहून चिकाटी अधिक लागते, आणि माणसे फार लागतात. २०१३ पासून या कामी बँकेने ज्यांची मदत घेतली त्यांत बंगळुरातील इन्फोसिस प्रमुख होती.

मग कौल लागला. अर्थव्यवस्था गारठू नये म्हणून बँक ऑफ इंग्लंडने ४ ऑगस्ट २०१६ रोजी व्याजाचा मूळ दर अर्ध्या टक्क्यावरून पाव टक्क्यावर आणला. इतका खाली तो तोवरच्या इतिहासात कधी गेला नव्हता. व्याज इतके उतरले की ठेवी घेऊन कर्जे देणाऱ्या लहान बँकेच्या नफ्याला जागाच उरत नाही. दुसऱ्याच दिवशी रॉयल बँकेने विल्यम्स अँड ग्लिन ही स्वतंत्र बँक म्हणून उभी करण्याचा बेत सोडल्याचे जाहीर केले, आणि ऑगस्टच्या मध्याला इन्फोसिसने निवेदन काढले की, या कामावरची सुमारे ३,००० माणसे, मुख्यतः भारतातील, येत्या काही महिन्यांत कमी केली जातील. त्यांना इतर कामांवर घेण्याचा कंपनीचा मनोदय होता. तरी कामाविना ‘बेंच’वर बसणे म्हणजे काय, हे या धंद्यातल्या प्रत्येक घराला माहीत असते. वर्षाच्या आरंभी ११.५ ते १३.५ टक्के वाढीची आशा दाखवणाऱ्या या कंपनीला ऑक्टोबरपर्यंत तो अंदाज दोनदा उतरवून ८ ते ९ टक्क्यांवर आणावा लागला.

येथे न्यायाने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. शाखा वेगळ्या काढण्याचे ते काम कौलापूर्वीच रखडले होते आणि ठरलेली मुदत पाळली जाणार नाही हे बँकेने एप्रिलमध्येच सांगून टाकले होते. इन्फोसिसचा अंदाज उतरण्यासही केवळ हेच एक कारण नव्हते. ब्रेक्झिटच्या, म्हणजे संघातून बाहेर पडण्याच्या, आर्थिक परिणामांचे मोजमाप अवघड होते ते याच कारणाने: तो एकटा कधी येत नाही, आधीच्या दुखण्यात मिसळून येतो. परंतु या प्रकरणातील कार्यकारणाची साखळी लक्षात घेण्याजोगी आहे. युरोपच्या एका नियमाने बंगळुरात काम निर्माण केले. त्या युरोपशी संबंध तोडण्याच्या कौलाने, व्याजदराच्या वाटेने, ते काम संपवण्यास हातभार लावला. आणि ज्यांचे काम गेले त्यांच्यापैकी बहुतेकांना या निर्णयात मत नव्हते. बहुतेकांना म्हणण्याचे कारण असे की, ब्रिटनमध्ये रीतसर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुलातील नागरिकांना त्या सार्वमतात मतदानाचा हक्क होता. कोरमंगलाहून ‘ऑनसाइट’ म्हणून लंडनला गेलेला, भारताचे पारपत्र बाळगणारा अभियंता नाव नोंदवून मत देऊ शकत होता. त्याच्या शेजारी वीस वर्षे घर करून राहिलेला फ्रेंच गृहस्थ मात्र देऊ शकत नव्हता.

आता मूळ भांडणाकडे वळू. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाला, तत्पूर्वी फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ अशा दोन वेळा त्याला दारातून परत पाठवले होते. त्या प्रवेशाची किंमत आपणही मोजली होती, याचा विसर पडू नये: १९३२ च्या ओटावा करारापासून साम्राज्यातील, आणि पुढे राष्ट्रकुलातील, मालाला ब्रिटिश बाजारात जकातीची जी सवलत मिळत होती, ती ब्रिटनने युरोपची समाईक जकात स्वीकारताच संपुष्टात येऊ लागली. १९७५ साली ब्रिटिश मतदारांनी ६७ टक्क्यांनी या प्रवेशास पसंती दिली. पुढे बाजाराचा संघ झाला, संघाचे अधिकार वाढले. आणि २००४ साली पूर्व युरोपातील राष्ट्रे सामील झाली तेव्हा ब्रिटनने त्यांच्या कामगारांना पहिल्याच दिवसापासून मुक्तद्वार दिले. वर्षाला ५ ते १३ हजार माणसे येतील, असा अंदाज सरकारने तयार करवून घेतलेल्या एका अहवालात होता. आली ती लाखांच्या हिशेबाने. लिंकनशायर परगण्यातील बॉस्टन या शेतीवाडीच्या गावात, जेथे भाजीपाला काढण्यास आणि बांधण्यास पोलंड, लिथुआनियाची माणसे मोठ्या प्रमाणावर आली होती, तेथे २०१६ मध्ये ७५.६ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. तेवढे प्रमाण दुसरीकडे कोठेही नव्हते.

बाहेर पडू इच्छिणाऱ्यांचा युक्तिवाद केवळ परकीयद्वेषाचा होता, असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. आपल्या देशाचे कायदे आपण निवडलेल्या आणि आपण घालवू शकू अशा माणसांनी करावेत, हे त्यांचे मुख्य म्हणणे होते, आणि ज्या राष्ट्राने पारतंत्र्य अनुभवले आहे त्याला ते तत्त्वतः अमान्य होण्याचे कारण नाही. त्याचा एक नमुना तर आपल्या कोकणातून देता येतो. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात बंद केली. कारण काही खेपांमध्ये फळमाशी आढळली होती. त्या वेळी भारताचे दीड कोटीहून अधिक आंबे दरवर्षी ब्रिटनमध्ये जात होते, संघातील अन्य देशांत त्यामानाने थोडेच. तरीही ऐन मोसमात रत्नागिरी-देवगडचा हापूस लंडनच्या साउथॉल किंवा वेम्ब्लीच्या दुकानात यावा की नाही, हे एकट्या लंडनला ठरवता येईना. लेस्टरचे खासदार कीथ वाझ यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. बंदी उठली ती जानेवारी २०१५ मध्ये, म्हणजे एक पुरा मोसम बुडाल्यानंतर.

परंतु हा युक्तिवाद ज्या रीतीने मांडला गेला ती रीत समर्थनीय नव्हती. युरोपला आपण आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ, असे लिहिलेली लाल बस गावोगाव फिरली. ब्रिटनला मिळणारी सूट आणि परत येणारी अनुदाने वजा न करता काढलेला तो आकडा दिशाभूल करणारा आहे, असे देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने बजावले, तरी बस फिरतच राहिली. दुसऱ्या पक्षानेही भीतीचाच व्यापार केला. कौल बाहेर पडण्याच्या बाजूने गेला तर लागलीच मंदी येईल आणि पाच लाख रोजगार बुडतील, असे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांच्या खात्याने सांगितले. तशी मंदी आली नाही. आणि ती आली नाही यामुळे पुढे अर्थशास्त्रज्ञांच्या खऱ्या इशाऱ्यांवरही कोणी विश्वास ठेवीना. ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के असा निकाल लागला. इंग्लंड आणि वेल्स एका बाजूला गेले, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड दुसऱ्या.

माझ्या मते या सर्व प्रकरणातील मूळ दोष प्रचारातही नव्हता, निकालातही नव्हता. तो प्रश्नात होता. मतदाराला संघात राहायचे की संघ सोडायचा, एवढेच विचारले गेले. सोडायचा तर कोणत्या शर्तींवर, याचा मसुदा कोणी तयार केला नव्हता. या ठिकाणी मराठी वाचकाला गोव्याचे स्मरण झाल्याविना राहणार नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवा, दमण आणि दीवच्या जनतेपुढे जो जनमत कौल घेतला गेला, त्यातही दोनच पर्याय होते: महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने. फरक असा की, दोन्ही पर्यायांचे स्वरूप मतदाराला ठाऊक होते. महाराष्ट्र राज्य म्हणजे काय हे पलीकडे दिसत होते. केंद्रशासित असणे म्हणजे काय, हे तो स्वतः अनुभवत होता. म्हणून तेथील वादही मूर्त गोष्टींचा झाला. विलीनीकरणाने गोव्यातील सरकारी नोकऱ्या कोणाकडे जातील, महाराष्ट्रातील दारूबंदी येथे लागू झाली तर काजूच्या फेणीवर जगणाऱ्यांचे काय, कुळांना जमीन कोण देईल, असे प्रश्न घरोघर विचारले गेले. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी कौल निष्पक्ष व्हावा म्हणून आधी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. विलीनीकरणाच्या बाजूने आचार्य अत्र्यांची तोफ धडाडत होती. विरोधी बाजूने डॉ. जॅक सिक्वेरांचा पक्ष तर होताच, शिवाय ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीतच निघत होते आणि मराठीतूनच महाराष्ट्रात विलीन होण्यास विरोध करीत होते. निकाल लागला: केंद्रशासित राहण्यास १,७२,१९१, विलीनीकरणास १,३८,१७०.

महाराष्ट्रात त्या निकालाने पुष्कळांची मने दुखावली. आजही काहींची दुखतात. पण प्रश्न मिटला. काही आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी, विलीनीकरणाचा पक्ष घेऊन हरलेल्या बांदोडकरांनाच पुन्हा सत्तेवर बसवले, आणि कारभार चालू राहिला. ब्रिटनमध्ये याच्या उलट घडले. सार्वमत घेणारे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी निकालाच्याच सकाळी पद सोडत असल्याचे सांगितले, आणि खरा वाद त्यानंतर सुरू झाला. नॉर्वेप्रमाणे बाजारात राहून सत्ता सोडायची, कॅनडाप्रमाणे केवळ व्यापारी करार करायचा, की कोणताही करार न करता उठून यायचे? तीनही मार्गांचे पुरस्कर्ते, जनतेने आपल्याच मार्गाला मत दिले आहे, असे शपथेवर सांगत होते, आणि त्यांना खोटे ठरवण्याचे साधन मतपत्रिकेत नव्हते. थेरेसा मे यांनी मोठ्या कष्टाने घडवलेला करारनामा १५ जानेवारी २०१९ रोजी संसदेने २३० मतांच्या फरकाने फेटाळला. आधुनिक ब्रिटिश संसदीय इतिहासात कोणत्याही सरकारचा एवढा मोठा पराभव झालेला नाही. २७ मार्चला संसदेने स्वतःच पुढाकार घेऊन आठ पर्याय मतास टाकले, आणि आठांपैकी एकालाही बहुमत मिळाले नाही. जो प्रश्न जनतेने एका दिवसात सोडवला असे म्हटले जात होते, त्याचे उत्तर तिच्या प्रतिनिधींना पावणेतीन वर्षांनंतरही सापडेना. कारण जनतेला विचारलेला प्रश्न तो नव्हताच.

अखेर बोरिस जॉन्सन यांच्या कारकिर्दीत ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघाबाहेर पडला, आणि त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी व्यापारी करार झाला. त्या कराराने दोन्ही बाजूंच्या मालावर जकात बसली नाही, हे त्याचे यश. परंतु जकात नसणे म्हणजे सरहद्द नसणे नव्हे, हे १ जानेवारी २०२१ पासून प्रत्येक व्यापाऱ्याला कळू लागले. एखादा मालमोटारचालक स्कॉटलंडचे मासे घेऊन फ्रान्सला निघाला, तर पूर्वी त्याला माल आणि मोटार एवढेच पुरत असे. आता मालाचे निवेदनपत्र हवे, पशुवैद्याच्या सहीचा आरोग्यदाखला हवा, माल खरोखर ब्रिटिश उगमाचा आहे याची शाबिती हवी, आणि यांतील एका कागदावर एक रकाना चुकला तर बंदरात थांबणे आले. मोठ्या कंपन्यांनी या कामासाठी स्वतंत्र दफ्तरे उघडली. लहान व्यापाऱ्यांना ते न परवडल्याने त्यांच्यापैकी पुष्कळांनी युरोपला माल पाठवणेच सोडून दिले. आपल्या नाशिकच्या द्राक्षांनाही हे भोवले: रॉटरडॅम बंदरात उतरलेली पेटी तेथून इंग्लंडला एकाच बाजाराच्या आत फिरावी तशी जात असे, ती आता दुसरी सरहद्द ओलांडते. उत्तर आयर्लंडचा मामला याहूनही नाजूक. १९९८ च्या शांतता करारानंतर मोकळी झालेली आयरिश सरहद्द पुन्हा चौक्यापहाऱ्यांनी बंद होऊ नये, म्हणून मालाची तपासणी आयरिश समुद्रावर, म्हणजे एकाच राष्ट्राच्या दोन भागांमध्ये, करण्याची पाळी आली.

याचा एकूण परिणाम किती? ब्रिटनच्या अर्थसंकल्पावर निगराणी ठेवणाऱ्या स्वायत्त कार्यालयाचा अंदाज असा की, संघात राहिला असता तर देशाची जी उत्पादनक्षमता असती, तिच्याहून ती दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील, आणि आयात-निर्यात सुमारे १५ टक्क्यांनी कमी होईल. नंतरच्या काही अभ्यासकांनी याहून मोठे आकडे काढले आहेत. चार टक्के हा आकडा ऐकताना लहान वाटतो. पण घराच्या भिंतीत ओल चढावी तसा हा तोटा दिसत नाही आणि थांबतही नाही, म्हणूनच त्याच्याविरुद्ध कोणी मोर्चा काढत नाही. जग्वार लँड रोव्हरचे प्रमुख राल्फ स्पेथ यांनी २०१८ मध्ये सांगितले होते की, करार नीट झाला नाही तर कंपनीला वर्षाला १.२ अब्ज पौंडांचा भुर्दंड पडेल. त्याच वर्षी त्यांचा स्लोव्हाकियातील कारखाना सुरू झाला. तो काढण्याचा निर्णय कौलापूर्वीचा होता, हे खरे. तथापि संघाच्या आत एक पाय रोवलेला असणे कंपनीला सोयीचे ठरले, हेही खरे.

माणसांच्या येण्याजाण्याचे जे झाले ते तर बॉस्टनच्या मतदाराने स्वप्नातही पाहिले नसेल. नोव्हेंबर २०१६ मध्ये थेरेसा मे भारतात आल्या, तेव्हा त्या बंगळुरासही आल्या आणि हलसूरच्या सोमेश्वराचे त्यांनी साडी नेसून दर्शन घेतले. परंतु त्याच आठवड्यात त्यांच्या सरकारने, कंपनीअंतर्गत बदलीवर येणाऱ्या परदेशी कर्मचाऱ्याचा पगार वर्षाला किमान ३०,००० पौंड असला पाहिजे, असा नियम जाहीर केला होता, आणि तो कोणावर पडणार हे येथल्या प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीला कळले होते. पुढे युरोपीय नागरिकांचा मुक्त प्रवेश संपला आणि जगातील सर्वांना एकच नियम लागू झाला. कोरमंगलाला लागून सेंट जॉन्स हे मोठे रुग्णालय आणि त्याचे परिचर्या महाविद्यालय आहे. तेथे किंवा देशातील कोणत्याही अशा संस्थेत शिकणाऱ्या मुलींना आज ब्रिटनचा रस्ता जितका परिचित आहे तितका पूर्वी नव्हता. कारण युरोपातून ब्रिटनच्या नोंदवहीत वर्षाला नव्याने येणाऱ्या परिचारिकांची संख्या कौलानंतरच्या दोन वर्षांत नऊ हजारांवरून हजाराच्या आत आली, आणि ती उणीव भारताने आणि फिलिपीन्सने भरून काढली. भाषेच्या कडक परीक्षेचाही त्यात वाटा होता. जून २०२३ अखेरच्या वर्षात ब्रिटनमधील निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या वर गेले. २०१५ मध्ये ते साडेतीन लाखांच्या आत होते. येणाऱ्यांमध्ये भारतीयांची संख्या सर्वांत मोठी होती. स्थलांतर घटावे म्हणून मत दिलेल्यांना हे पाहून आपली फसवणूक झाली असे वाटले, तर त्यांना दोष देता येत नाही. पण त्यांचा राग आता पोलंडच्या शेतमजुराऐवजी भारताच्या परिचारिकेवर निघू लागला आहे, याची काळजी ज्यांची मुले तिकडे आहेत त्या प्रत्येक घराला वाटते.

या काळात बंगळुराचा एक जावई ब्रिटनचा पंतप्रधान झाला, ही गोष्ट येथे अजून कौतुकाने सांगितली जाते. इन्फोसिसचे नारायण मूर्ती आणि शिग्गावच्या कुलकर्ण्यांच्या घरातील सुधा मूर्ती यांची कन्या अक्षता यांच्याशी ऋषी सुनक यांचा विवाह २००९ मध्ये याच शहरात झाला. ज्या कंपनीचे मोठे कंत्राट कौलानंतर गेले, ती स्थापन करणाऱ्यांचे जावई २०१६ मध्ये बाहेर पडण्याच्या बाजूचे होते. तो त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. आणि सत्तेवर आल्यानंतर फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर येथील तडजोडीने उत्तर आयर्लंडची गाठ त्यांनीच पुष्कळशी सैल केली, हे त्यांच्या पदरात घातले पाहिजे.

ब्रेक्झिटच्या जमेच्या बाजूला भारताशी झालेला व्यापारी करार मांडला जातो, आणि तो मांडलाच पाहिजे. संघात असताना ब्रिटनला असा स्वतंत्र करार करण्याची मुभा नव्हती. संघाच्या भारताशी २००७ मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटी २०१३ मध्ये ठप्प झाल्या होत्या. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनमध्ये भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या. आपल्या ९९ टक्के प्रकारच्या मालाला तेथे जकात माफ होणार. स्कॉच व्हिस्कीवरची आपली १५० टक्के जकात आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार. आणि कोरमंगलाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भारतातून तात्पुरते कामास गेलेल्या माणसाला आणि त्याच्या कंपनीला काही वर्षांपर्यंत ब्रिटनच्या सामाजिक विम्याची वर्गणी भरावी लागणार नाही. जो माणूस दोन वर्षांनी परतणार, त्याच्याकडून तेथील निवृत्तिवेतनासाठी पैसे कापले जात होते, हा जुना अन्याय त्याने दूर होईल. आपल्याकरिता हा करार चांगला आहे. ब्रिटनकरिता त्याचे मोल किती, हे ब्रिटिश सरकारनेच मोजले आहे: दीर्घकाळात राष्ट्रीय उत्पन्नात ०.१३ टक्के वाढ, वर्षाला सुमारे ४.८ अब्ज पौंड. चार टक्के गेले, त्याच्या जागी तेरा शतांश आले. दूरच्या मोठ्या बाजाराने जवळच्या मोठ्या बाजाराची भरपाई होत नाही, हा व्यापाराचा जुना नियम आहे, आणि कौलापूर्वी तो सांगणारी माणसे होती.

त्यापूर्वी दोनच महिने, १९ मे २०२५ रोजी, पंतप्रधान कीर स्टार्मर यांच्या सरकारने युरोपीय संघाशी नवा समझोता केला. त्यात युरोपीय मच्छीमारांना ब्रिटिश सागरातील हक्क २०३८ पर्यंत देण्याचे, आणि अन्नधान्य, मासे, मांस यांच्या नियमांत युरोपच्या जोडीने चालण्याचे मान्य केले गेले. म्हणजे जे नियम करण्यात पूर्वी ब्रिटनचा एक आवाज होता, ते नियम आता आवाजाविना पाळायचे. राष्ट्राचे सार्वभौमत्व मोठे आहे हे मान्य करूनही, हा व्यवहार तोट्याचा झाला असे माझे स्पष्ट मत आहे. आणि दोष मत देणाऱ्या पावणेदोन कोटी माणसांचा नसून, बाहेर पडण्याच्या शर्ती कागदावर न मांडता त्यांच्या हाती मतपत्रिका देणाऱ्या राज्यकर्त्यांचा आहे.